तब्येतीसाठी वगैरे

आमच्या लिफ्टमध्ये सायकल आडवी मावत नाही. पुढचं चाक वर उचलून ती उभी करायची, हँडल छातीशी धरायचं आणि उरलेल्या कोपऱ्यात पोट आत घेऊन आपण उभं राहायचं. पहाटे पावणेपाचला हा सर्कशीचा खेळ बघायला कुणी नसतं, परतताना मात्र हमखास कुणीतरी असतं. त्या रविवारी चौथ्या मजल्यावरच्या काकू होत्या. देवळातून आलेल्या, हातात तबक, तबकात दोन जास्वंदी. माझी घामाने चिकटलेली जर्सी आणि पोटरीवर उमटलेले चेनचे काळे दात त्यांनी नीट निरखून पाहिले आणि अगदी कौतुकाने विचारलं, "तब्येतीसाठी का गं?" मी म्हटलं, "हो काकू." चौथा मजला आला, काकू उतरल्या. बास, एवढंच. पण आंघोळ करताना, कणीक मळताना, दुपारी जरा आडवं झाल्यावर ते "हो काकू" मनातून जाईना. कारण त्या सकाळी बोपदेव घाटात माझ्या पुढे एक अनोळखी मुलगी होती, निळ्या हेल्मेटची, तिशीच्या आतबाहेरची. घाट सुरू झाला तेव्हाच मी ठरवलं होतं की माथ्याच्या आधी हिला गाठायचं. तिला या स्पर्धेचा पत्ताही नव्हता. शेवटच्या वळणावर मी तिला मागे टाकलं तेव्हा छातीत जळत होतं, तोंडात लोखंडाची चव होती आणि मला जो आनंद झाला तो कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेला नव्हता.

आपल्याकडे चाळिशी उलटलेल्या बाईने सायकल चालवायला तीन कारणं चालतात. तब्येत, पर्यावरण आणि भक्ती. साखर वाढली म्हणून चालवते म्हटलं की लोक मान डोलावतात. पेट्रोल वाचवते म्हटलं तर भाषणाला बोलावतात. सायकलवारीला पंढरपूरला जाऊन आलं की शेजारीपाजारी पाया पडायला येतात आणि त्यात खोटं काहीच नाही, मीही गेले आहे, दिवेघाट चढल्यावर सासवडच्या बाजूने येणारा वारा तोंडावर घेत हरिपाठ म्हणणाऱ्या बायकांच्या मागून चालवताना मलाही भरून आलं होतं. चौथं एक कारण अलीकडे मान्य झालंय, ते म्हणजे स्वतःचे हाल. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, रात्रभर, झोपेविना. या ब्रेव्हे नावाच्या प्रकाराने पुण्या-नाशकात अनेकांना वेड लावलंय. पण ब्रेव्हेत नंबर लावत नाहीत. वेळेत पोचलात की सगळे सारखे. सुंदर कल्पना आहे, आणि नेमकी म्हणूनच ती माझ्या कामाची नाही. मला नंबर हवा असतो. दुसऱ्या बाईच्या पुढे जायचं असतं. हे वाक्य आत्ता लिहितानासुद्धा मी एकदा मागे वळून पाहिलं, नवरा खोलीत आलाय का म्हणून.

लहानपणी आम्ही चिंचवडला राहायचो. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुन्या हायवेवरून जायची आणि बाबा आम्हा भावंडांना रस्त्याच्या कडेला नेऊन उभं करायचे. तासभर काहीच नसायचं. ऊन, शेंगदाणे, पोलिसांच्या शिट्ट्या. मग लांबून जीप दिसायची, लोक पुढे सरकायचे आणि एकदम तो आवाज यायचा. मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा, शेकडो आऱ्यांनी हवा कापल्याचा. तीन-चार सेकंदात सगळं संपायचं. तेवढ्यात बाबा ओरडायचे, "तो बघ, तो घाटाचा राजा!" बोरघाटाचा चढ सगळ्यांच्या आधी चढलेल्या माणसाला हा किताब मिळायचा आणि बाबांच्या लेखी पुण्यात पहिला येणाऱ्यापेक्षा तो मोठा. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळापर्यंतचा चढ ते असे वर्णन करायचे जणू रोज चढतात. प्रत्यक्षात बाबा कंपनीच्या बसने जायचे. पण ती कळ त्यांनीच माझ्यात लावली, तिसऱ्या-चौथ्या इयत्तेत काळ्या चोवीस इंची सायकलवर अर्ध्या पायडलने मला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावून. घड्याळ बघत बसायचे. "काल यापेक्षा लवकर आली होतीस," म्हणायचे. खोटं असायचं बहुतेक वेळा.

कॉलेजात गेल्यावर खऱ्या शर्यती सुरू झाल्या. खऱ्या म्हणजे काय, तर कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या, गावच्या यात्रेच्या, जिल्हा संघटनेच्या. रस्त्यावर चुन्याची रेघ, टेम्पोवर कर्णा. माझी सायकल स्टीलची, चुलतभावाकडून मागून आणलेली, गिअर बदलायच्या कड्या खालच्या नळीवर. गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून खाली वाकायचं, आणि घोळक्यात असताना असं वाकायला धाडस लागायचं. शेजारची ते बरोबर हेरायची. तुझा हात खाली गेला की ती सुटलीच. आम्ही सात-आठजणी होतो, सगळीकडे त्याच. एकमेकींच्या टायरची झीज आणि पाळीच्या तारखासुद्धा पाठ. एका गावात पुरुषांना रोख रक्कम आणि नवी कोरी सायकल होती, आम्हाला डिनर सेट. सहा जणांचा, पांढऱ्यावर निळी फुलं. तो मी जिंकला. एसटीच्या टपावर सायकल, मांडीवर डिनर सेट, अशी घरी आले. आईने तो माझ्या लग्नात मलाच दिला. त्यातली एक वाटी अजून माझ्याकडे आहे, चेन धुवायला रॉकेल ओततो आम्ही तिच्यात.

मग सुटलं.

कुणी सोड म्हणालं नाही. लोकांना ही गोष्ट ऐकताना एखादा खलनायक हवा असतो. सासू, नवरा, कुणीतरी. माझ्या सासूबाई तर स्वतः गावात सायकलवर शाळेत शिकवायला जायच्या. अडवलं कुणी नाही, विचारलंही कुणी नाही, आणि न विचारल्यामुळे जे सुटतं त्याचा दोष कुणावर ठेवायचा ते कळत नाही. नोकरी, मग मुलगा, मग त्याची दहावी. सायकल आधी गॅलरीत होती, मग माळ्यावर, मग एका दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला घेऊन गेला. किलोवर. मी तेव्हा स्वयंपाकघरात करंज्या तळत होते आणि खालून तराजूच्या साखळीचा आवाज आला तेव्हा मला काहीही वाटलं नाही. हे मला आता जास्त खटकतं.

परत कशी आले याची गोष्ट फारशी नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर ज्याच्यात्याच्या हातात सायकल आली, दुकानात मिळेनात, मुलाने हट्टाने घेतली आणि दोन महिन्यांत त्याचा उत्साह संपला. मग मी. त्यानंतर सेकंडहँड कार्बनची, बोटाने उचलता येणारी. गिअर आता ब्रेकच्या मुठीतच, हात काढावा लागत नाही, बूट पायडलमध्ये खट्कन बसतो आणि सिग्नलला वेळेत सुटला नाही तर माणूस सायकलसकट रिक्षाच्या बाजूला झोपतो. तोही कार्यक्रम झाला, रिक्षावाल्याने उठवलं. पायांनी तक्रार केली नाही. पाय फार इमानी निघाले, गोल फिरायचं कसं ते विसरलेच नव्हते. फरक छातीत होता. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घसरते, व्यायाम चालू ठेवला तर घसरण बरीच कमी होते, आणि मी तर मधली वर्षं खुर्चीत घालवलेली. वीस वर्षांची असताना चढावर एक झटका द्यायचे, दम लागायचा, लगेच भरायचा, दुसरा झटका. आता पहिला झटका अजून निघतो. दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. आणि उतार! पूर्वी उतार म्हणजे फुकटचा आनंद होता. आता बोपदेव उतरताना प्रत्येक वळणावर मला वाळू दिसते, कुत्रं दिसतं, बाजूच्या डंपरचं चाक दिसतं, आपण पडलो तर डबा कोण करेल तेही दिसतं. ब्रेकवर दोन बोटं आपोआप जातात. भीती ही चढापेक्षा जड असते, पण तिचं वजन कुठल्या काट्यावर दिसत नाही.

बाकी सगळं मात्र दिसतं. हँडलवरच्या यंत्रात वॉट, ठोके, मिनिटाला पायडलच्या फेऱ्या. घरी आल्यावर अॅप सांगतं की अमुक चढावर तुमचा बायकांमध्ये कितवा नंबर. सुरुवातीला मी त्यावर खूश होते. एकटीने जायचं, एकटीने दमायचं, रात्री अंथरुणात पडल्यापडल्या नावं वर-खाली होताना बघायची. पण हे पत्राने बुद्धिबळ खेळण्यातलं झालं. शर्यत म्हणजे शेजारची. तिचा श्वास ऐकू यायला हवा. सपाट रस्त्यावर ताशी पस्तीसच्या पुढे गेलं की पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि पुढच्या चाकामागे वीतभर अंतरावर बसलं की पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून जिच्याशी भांडायचं तिच्याच आडोशाला राहावं लागतं. ती दमली की आपण पुढे, आपण दमलो की ती. दोघींनी मिळून पळायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला एकमेकींचा विश्वासघात करायचा. इतका प्रामाणिक विश्वासघात मला दुसऱ्या कुठल्या नात्यात सापडलेला नाही.

रविवारी मी पुरुषांच्या घोळक्यात जाते. माणसं चांगली आहेत. फारच चांगली. "मॅडम, तुम्ही मागे बसा, हवा आम्ही घेतो." पंक्चर झालं तर चार हात पुढे येतात, मला टायर काढूही देत नाहीत. मी एकदा टर्न घेऊन, म्हणजे हवा घ्यायची पाळी घेऊन, पुढे गेले, पाच मिनिटं खेचलं, तर मागून टाळ्या वाजल्या. टाळ्या! सहाव्या वर्षी श्लोक म्हटल्यावर वाजतात तशा. कुणी वैतागलं नाही, कुणी मला पाडायला बघितलं नाही, कुणाच्या पोटात दुखलं नाही. सासवडला चहा पिताना मला अंजिराची पेटी घेऊन दिली त्यांनी. गोड होती अंजिरं.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी परत आलेल्या बायकांचं वाचते. अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग 2008 ला ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकटीने घड्याळाशी पळायच्या शर्यतीचं, सोनं घेऊन थांबली, मुलगा झाला, परत आली, 2012 ला पुन्हा सोनं, पुन्हा थांबली, पुन्हा आली आणि 2016 ला रिओत पावसात तिसरं सोनं घेतलं, त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हे वाचून उर भरून येतो आणि लगेच रिकामाही होतो, कारण कुठे ती. मला जास्त जवळची वाटते ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. ती तर तेव्हा धड व्यावसायिकही नव्हती. गणितातली डॉक्टरेट, संशोधनाची नोकरी, कुठल्या संघाचा करार नाही, सरावाचं गणितही स्वतःच मांडायची. 2021 ला टोकियोत झेंडा पडल्यापडल्या पुढे पळाली, शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटी. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते, त्यामुळे मागच्या बलाढ्य डच बायकांना पुढे अजून कुणी आहे हेच कळलं नाही. आनेमीक फान फ्लॉइटनने रेषा ओलांडताना हात वर केले, आणि सोनं मिनिटभर आधीच गेलेलं होतं. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघते, आणि खरं सांगू, कीझनहोफरपेक्षा फान फ्लॉइटनच्या त्या वर गेलेल्या हातांकडे बघते. किती हवं होतं तिला.

पुरुष 1896 पासून ऑलिम्पिकमध्ये सायकल चालवतायत. बायकांची पहिली रस्त्यावरची शर्यत 1984 ला, लॉस एंजेलिसमध्ये, 79 किलोमीटरची. पॅरिसला 2024 मध्ये पुरुषांना 273 किलोमीटर, बायकांना 158. वरची गोष्ट ही, मग खालच्या गावाकडून काय अपेक्षा करायची. आमच्याकडे शर्यतीच्या पत्रकावर पुरुषांचे गट पानभर असतात, खुला, चाळिशीवरचे, पन्नाशीवरचे, देशी सायकल, गिअरची सायकल. खाली एक ओळ, "महिला (सर्व वयोगट)". म्हणजे मी आणि अकरावीतली मुलगी एका रेघेवर. परदेशातल्या हौशींच्या जागतिक स्पर्धेत बायकांनाही पाच-पाच वर्षांचे गट असतात, आणि मी आधी यावर खूप चिडायचे. आता तितकी चिडत नाही. चाळिशीवरच्या बायकांचा गट काढला तर त्यात मी, आणि पहिला नंबर माझाच. पुन्हा डिनर सेट.

तर गेल्या हिवाळ्यात एका गावच्या यात्रेची शर्यत होती. सकाळी सहाला चौकात हजर, धुकं, ओल्या उसाचा आणि शेणाचा वास, टेम्पोवरचा माणूस माइकमध्ये फुंकर मारतोय. पुरुष शेताच्या कडेला पाठ करून ओळीने उभे. आम्ही बायकांनी नेहमीप्रमाणे एक घर गाठलं. अंगणात एक आजी चुलीवर पाणी तापवत होत्या. आम्ही तिघी, घट्ट चड्ड्या, खटखटणारे बूट, दारात उभ्या. "आजी, बाथरूम वापरू का?" त्यांनी हाताने दाखवलं. मी बाहेर आले तर म्हणाल्या, "कुठं निघालाय गं ह्या थंडीत?" "शर्यत आहे आजी." "तुज्यासंगं ह्या पोरी बी?" "हो." त्यांनी आम्हा तिघींना एकेक करून पाहिलं, पायापासून वर, बाजारात जनावर पाहतात तसं, दंड, मांड्या, पोटऱ्या. मग माझ्याबरोबरच्या एका काटकुळ्या मुलीकडे बोट केलं. "ही पुढं जाईल. तू मागं राहून दमव हिला." तब्येतीबद्दल एक शब्द नाही. त्यांच्या नातवाची बैलं जिल्ह्यात बाऱ्या मारतात, असं नंतर कळलं. 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा उचलून धरला तेव्हा या गावात पेढे वाटले होते म्हणे. ज्या घरात शर्यत जेवणाखाण्याइतकी रोजची असते तिथे तुम्ही का पळता असा प्रश्नच पडत नाही. प्रश्न एवढाच की कोण पुढे.

आजींनी दाखवलेली काटकुळी माझ्यापुढेच आली. पंचवीसेक जणी होतो. क्रीडा प्रबोधिनीतल्या, कोल्हापूरकडच्या, दोन-तीन सांगलीच्या, एकीचे वडील ट्रॅक्टर सोडून पंप हातात घेऊन आलेले. पहिल्या चढावरच चार-पाचजणी निघून गेल्या, त्यांच्याकडे मी फक्त पाहिलं. आमचा दुसरा घोळका राहिला आठजणींचा. त्यात मी, वीतभर पुढे काटकुळीचं मागचं चाक. तिच्या डाव्या घोट्यात काळा दोरा होता. दोऱ्याची गाठ सुटत आलेली, एक टोक लोंबत होतं आणि पायडलच्या प्रत्येक फेरीला ते टोक वर जायचं, खाली यायचं. पुढचे कितीतरी किलोमीटर मला जगात तेवढंच दिसत होतं. दोरा वर, दोरा खाली. ते टोक थरथरायला लागलं की समजायचं, ती दमतेय. उतारावर माझी दोन बोटं ब्रेकवर गेली आणि ती सहा-सात सायकली पुढे निघून गेली. खाली सपाटीवर तोंडाला वारा लागला तसे सगळ्यांचे वेग पडले आणि मी जीव काढून पुन्हा त्या दोऱ्यापर्यंत पोचले. ओढ्याच्या पुलावर तिने कोपर हलवलं, ये पुढे, टर्न घे. आजींचं ऐकून मी नाही गेले. तिने मागे वळून माझ्याकडे अशी जळजळीत नजर टाकली की मला वर्षानुवर्षं इतकं छान वाटलं नव्हतं.

शाळेच्या भिंतीपासून शेवटचे दोनशे मीटर. दोन्ही बाजूंना लोक, रस्ता अरुंद होत गेलेला, मधे कुणाचीतरी मोटरसायकल. ती डावीकडून उठली, मी तिच्या मागून निघून उजवीकडे. मग उजवीकडे खडी आली आणि मी थोडी डावीकडे सरकले. माझ्या मते जागा होती. तिच्या मते नव्हती. अर्ध्या चाकाने मी पुढे. नंबर कितवा, तर नववा. बक्षिसं तिसऱ्यापर्यंत.

रेषेच्या पुढे मी हँडलवर डोकं टेकून उभी होते तर ती सायकल ढकलत थेट माझ्यासमोर आली. "काकू, तुम्ही दाबलं मला. लाइन सोडली तुम्ही. मी ब्रेक मारला म्हणून, नाहीतर दोघी गेलो असतो." टेम्पोवाला म्हणाला, "ए, मोठ्या माणसाशी असं बोलतात का?" मी त्याला म्हटलं, "तुम्ही गप बसा हो." मग आम्ही दोघी भांडलो. रीतसर. खडी कुठे होती, तिचं चाक कुठे होतं, मी आधी खांदा दाखवला की नाही, हातवारे करून, रस्त्यावर बुटाच्या टोकाने रेघा मारून. तिचे वडील आले, गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेऊन, आणि ते मधे न पडता लाडू खात ऐकत उभे राहिले. मी कबूल केलं नाही. तिनेही सोडलं नाही. शेवटी ती थुंकी गिळून माझ्या मागच्या चाकाकडे बघत म्हणाली, "मोठा गिअर किती दातांचा आहे तुमचा? अठ्ठावीस?"

"हो."

"म्हणूनच पहिल्या चढाला बसून राहिलात. बत्तीसचा टाका. आणि पुलावर टर्न दिली असती ना, तर पुढच्या दोघी पण गावल्या असत्या आपल्याला. पुढच्या महिन्यात फलटणला येताय का?"

मी तिच्या वडिलांच्या डब्यातला लाडू उचलला आणि विचारलं, फलटणला घाट आहे की सपाट.